थंड टायर, तेहतीस पाउंड

आमच्या घरी थंडी सगळ्यात आधी गाडीच्या टायरला लागते. माणसं अजून पंखा एकवर ठेवून झोपत असतात, स्वेटर पेटीत डांबरगोळ्यांच्या वासात पडलेले असतात, आणि एके दिवशी सकाळी मी फाटक उघडायला जाते तर गाडी जराशी बसलेली दिसते. दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. मला दिसते. मग मी आत जाऊन हवा मोजायचं काट्याचं यंत्र आणते, वाकते, टायरचं टोपण काढते आणि काट्याकडे बघते. तीस. परवापर्यंत तेहतीस होती. आली म्हणायची थंडी.

यंदा ती दिवाळी उलटून पंधरा-वीस दिवसांनी आली. आमच्या राजापेठेत थंडी ओळखायची दुसरी काही सोय नाही. ट्यूशनला येणाऱ्या पोट्ट्या उन्हाळ्यात उन्हासाठी तोंड बांधतात आणि हिवाळ्यात थंडीसाठी. त्यांची तोंडं दिसायची ती पावसाळ्यातच. हां, भाजीच्या गाडीवर ओल्या तुरीच्या शेंगा आल्या, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या ताज्या हिरव्या दिसायला लागल्या, की समजायचं. तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडल्या की सगळ्या घराला तो वास येतो. बाबा अजूनही शेंगा पातेल्यातून काढल्या काढल्या तोंडात घालतात आणि जीभ भाजली की माझ्याकडे रागानं बघतात, जशी काही मीच भाजली.

लोक थंडीचं कौतुक करतात. मला नाही जमत. पाच हिवाळ्यांमागे अशाच एका सकाळी मी बाबांना एक वाक्य बोलले. ते बोलून मी दहा मिनिटं वाचवली आणि त्या दहा मिनिटांपायी बाबांची त्यांच्या बहिणीशी शेवटची भेट हुकली. ते वाक्य परत घ्यायचं राहून गेलं. आज घेऊ, उद्या घेऊ करता करता बाबांना पूर्णच ऐकू येईनासं झालं. आता घ्यायचं तरी कसं?

बाबा बसडेपोत टायर सेक्शनला होते. डेपोतला कारागीर म्हटलं की लोकांना इंजिन आठवतं, टायरवाल्याला कोणी विचारत नाही. पण हिवाळ्यात सकाळची पहिली गाडी सुटायच्या आत सगळ्या गाड्यांभोवती एक फेरी मारायची आणि हातोडीनं एकेक टायर ठोकत जायचं, हे काम त्यांचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा घेऊन जायची. डिझेलचा वास, ओल्या रबराचा वास, कोपऱ्यात पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, धूर. आणि बाबा कानटोपी वर सरकवून, कान मोकळे करून, ठोकत ठोकत येताना दिसायचे. भरलेला टायर ठणकन वाजायचा, उतरलेला भदकन. ठोकून झालं की तळवा टायरवर ठेवायचा, एक क्षण, आणि पुढे. मला सगळे आवाज सारखेच यायचे. मी उगीच मान हलवायची.

"गरम टायर खोटं बोलते," ते मला सांगायचे. "रातभर उभं राहू द्याव, थंड होऊ द्याव, मंग विचाराव त्याले, किती हवा हाये तुह्यात म्हनून."

गाडी पळाली की टायर तापतो, टायर तापला की आतल्या हवेचा दाब वाढतो, आणि काटा चार-पाच पाउंड जास्त दाखवतो. त्या आकड्याला भुलून कोणी हवा सोडून दिली, तर रात्री गार पडल्यावर टायर उपाशी. वर थंडी आणखी वाढली, की पाच-सहा डिग्रीला एक पाउंड असा तो उतरतच जातो. हे सगळं बाबांना शाळेत कोणी शिकवलेलं नव्हतं.

आता आमच्या वऱ्हाडाची एक खोड सांगते. आमच्याकडचा उन्हाळा असा, की डांबर चपलेला चिकटून येतं आणि रस्त्याच्या कडेला फुटलेल्या टायरांची सालं पडलेली असतात. त्या धास्तीनं आमच्याकडे सगळे जण टायरमध्ये दोन-तीन पाउंड हवा कमीच ठेवतात. ट्रकवाला ठेवतो, वकील ठेवतो, डॉक्टर ठेवतो. खरं तर तेही चूक. कमी हवेचा टायर उलट जास्त तापतो, हे सांगून सांगून बाबा थकले. पण कोण ऐकते बापा! आणि कडी म्हणजे, ही उन्हाळ्याची सवय आम्ही थंडीतही सोडत नाही. आमच्या मनात बाराही महिने उन्हाळाच असतो. थंड मुलखातला माणूस ही चूक करणार नाही. ती आम्हीच करू जाणे.

मी केली. आणि मी काही अडाणी नाही, मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते.

माझी गाडी साधी, पांढरी, लहान. कंपनीनं दिलेली चाकं चौदा इंची, वर राखाडी प्लास्टिकच्या ताटल्या. ती काढून मी सोळा इंची अलॉय बसवून घेतली. काळी, कडेला चंदेरी, पाच पात्यांची. कावून? तर हौस. लग्न न केलेली, ट्यूशन घेणारी, पंचेचाळिशीची बाई. दागिने घातले तर लोक विचारतात कोणासाठी, नाही घातले तर म्हणतात बिचारी. चाकांबद्दल काय बोलायचं हे मात्र कोणाला सुचेना. पहिल्या दिवशी क्लासच्या पोरींनी गच्चीवरून टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. उकिडवे बसले. टायरच्या कडेवर बोट आडवं ठेवून पाहिलं. चाक मोठं केलं की टायर पातळ घ्यावा लागतो, नाहीतर तो वर घासतो. म्हणजे रस्ता आणि चाक यांच्यामध्ये रबरही कमी आणि हवाही कमी.

"दिसाले चांगले हायेत, माय," ते म्हणाले. "पन जुने टायर सांभाळून घ्याचे. दोन-चार पाउंड कमी असली तरी चालून जाये. हे नाई घेनार सांभाळून. याइची मिजास आता तुले ठेवाव लागन."

गाडीच्या दाराच्या आत हवेचा आकडा चिकटवलेला असतो. तो जुन्या चाकांचा, आता कामाचा नाही, हेही त्यांनीच सांगितलं. बसवणाऱ्यानं नवीन आकडा दिला होता तेहतीस. "तेहतीस. अन् थंड टायरवर," बाबा म्हणाले. मी हो हो म्हटलं. हो हो म्हणण्यात मी पहिल्यापासून हुशार.

त्या हिवाळ्यात एके दिवशी मी मैत्रिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला अंजनगाव सुर्जीला गेले होते. संध्याकाळी परतले, वाटेत कुठेही न थांबता. गावात शिरल्यावर पेट्रोल भरलं आणि आठवण झाली म्हणून हवा तपासून घेतली. टायर हात लावला तर कोमट लागत होते. मी तेहतीस सांगितले होते, यंत्रावर आकडा आला चौतीस.

"मॅडम, एक जास्त हाये. काढू का?" पंपावरचा माणूस म्हणाला.

"तीस करून टाका. कमीच बरी," मी म्हटलं.

चारही चाकांतून फुस्स करून हवा निघून गेली. त्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहून दिलं होतं, आकारमान तेच राहिलं तर तापमान उतरल्यावर वायूचा दाब उतरतो. उदाहरण म्हणून टायरच दिला होता. पोरींनी वहीत उतरवूनही घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला अकोल्याहून फोन आला. प्रकाशदादाचा, म्हणजे माझ्या आत्याच्या मुलाचा. आत्या बाबांची थोरली बहीण. तिला घरात सगळेच बाई म्हणायचे, पोटचा मुलगासुद्धा. बाबा सात वर्षांचे असताना त्यांची आई गेली. बाई तेव्हा सोळाची. तिचं लग्न अकोल्याला ठरलं होतं, आणि ती सासरी जाताना धाकट्या भावाला सोबत घेऊनच गेली. सासरच्यांनी काय म्हटलं असेल ते असो. त्यांच्या गावाहून, अंजनगावहून, शकुंतलेनं, म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीनं, मूर्तिजापूरपर्यंत जायचं आणि तिथे उतरून मोठ्या गाडीत बसायचं. बाबा सांगतात, त्या अख्ख्या प्रवासात बाई एकच घोकत होती, "मूर्तिजापूरले गाडी बदलाव लागते, लहान्या. माह्या हात सोडू नोको." बाबा नोकरीतून निवृत्त झाले तरी बाईसाठी ते लहान्याच होते. ती आठ दिवसांपासून दवाखान्यात होती.

"मामाले घेऊन निघ," प्रकाशदादा म्हणाला. "आत्ताच निघ. बाई शुद्धीवर हाये, लहान्याले बोलवा म्हनून राहिली. पन डॉक्टर म्हनते, दुपार निंगनं कठीन हाये."

वीस मिनिटांत आम्ही तयार झालो. बाहेर नुकतं उजाडत होतं, काचेवर दव साचलं होतं. मी गाडी सुरू करून बसले. आणि बाबा, गळ्यात मफलर, हातात हातोडी, चाकं ठोकत फिरत होते. ते कुठल्याच गाडीत टायर ठोकल्याशिवाय बसत नसत. लोकांच्या वरातीच्या गाडीतसुद्धा नाही. चौथ्या चाकावर त्यांनी तळवा ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

"माय, हवा कमी हाये. गंज कमी हाये, लई कमी."

"काल तं तपासली, बाबा."

"कवा?"

"संध्याकाळी. बसा ना आता!"

"गरम असतीन टायर. पायरीखाली पायपंप हाये माह्या. दहा मिनिटं लागतीन, चारीले."

"दहा मिनिटं कुठून आनू? तिकडे बाई..."

"दहाच मिनिटं, माय."

आणि मी ते वाक्य बोलले. "तुमाले आता ऐकू येत नाई, बाबा. काय ठोकून राहिले उगीच? मशीननं मोजली हाये. मशीनले कान लागत नाईत."

दोन वर्षांपासून त्यांचे कान जात चालले होते. टीव्हीचा आवाज मोठा, फोनवर हॅलो हॅलो. घरात ते सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्या तोंडावर कोणी बोललं नव्हतं. नेमकं हेच वाक्य मात्र त्यांना स्पष्ट ऐकू गेलं. त्यांनी हातोडीकडे पाहिलं. मग ती दाराच्या खणात ठेवली आणि शेजारी येऊन बसले.

अकोल्याचा तो रस्ता आता असा झालाय की चहाचा कप सांडायचा नाही. तेव्हा तो अर्धा खोदलेला होता. कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं, मध्येच गिट्टी, मध्येच मातीचा वळसा. दोन्हीकडे तुरी उभ्या, वेचून झालेल्या पऱ्हाटीला कुठे कुठे चुकार कापूस लटकलेला. गाडी जड चालते आहे हे मला स्टेअरिंगवर कळत होतं. कळत होतं आणि मी दाबत होते.

मूर्तिजापूर दहा-बारा किलोमीटर राहिलं असेल. वळशावरून परत रस्त्यावर चढताना डांबराची कड होती, तिच्या पायथ्याशी खड्डा. पुढचं डावं चाक आपटलं. मी काय झालं म्हणेपर्यंत मागचं डावं चाकही त्याच खड्ड्यात आपटलं. दोन धाड, एकामागोमाग. गाडी एका कुशीवर बसली.

बाबा उतरले. पातळ टायर चाकाच्या धारेवर चिमटून चिरला होता, माझ्या चंदेरी कडेला चपटा पोचा आला होता. पुढचं तसंच, मागचं तसंच. ते एवढंच म्हणाले, "स्टेपनी एकच असते."

मी फोन करत सुटले. हा साइज इथे नाही. अकोल्याला बघावं लागेल. नऊनंतर दुकान उघडतं. एक गाडी थांबली, भरलेली होती. दुसरी थांबलीच नाही. बाबा रस्त्याच्या कडेला अकोल्याकडे तोंड करून उभे होते आणि मला त्यांच्या पाठीकडे बघवत नव्हतं. दहा मिनिटं नाहीत म्हणाले होते ना मी? तिथे तासभर गेला.

शेवटी एक भाजीचा टेम्पो थांबला. नवरा-बायको, स्वतःच्या वावरातली फुलकोबी आणि सांबार घेऊन अकोल्याच्या बाजारात निघालेले. पुढे जागा एकाचीच होती. दवाखान्यात जायचं आहे एवढंच मी म्हटलं, तशी त्याची बायको उतरली आणि म्हणाली, "काकाले बसू द्या पुढं. आपन बसू मांगं, गोबीवर." मागे वारा झोंबत होता. तिनं आपल्या शालीचं एक टोक माझ्या अंगावर टाकलं. "कोन हाये दवाखान्यात?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "बाबांची बहीण." ती म्हणाली, "पोचतो, पोचतो आता," आणि माझा गुडघा थोपटत राहिली. मूर्तिजापूरजवळून जाताना शकुंतलेचे बारके रूळ दिसले, गवतात बुडालेले. पुढे बसलेल्या बाबांची मान त्या बाजूला वळली आणि रूळ मागे पडेपर्यंत वळलेलीच राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा साडेनऊला पाच कमी होते. प्रकाशदादा पायरीवर बसला होता. उठला, बाबांना धरलं आणि म्हणाला, "पावनेनऊले गेली, मामा." मग नाक पुसत म्हणाला, "विचारत होती लहान्या कुठलोक आला म्हनून. मी म्हटलं, मूर्तिजापूरपाशी हाये. तं म्हने, तिथं गाडी बदलाव लागते, येईन तो. अन् डोये मिटले."

बाबा आत गेले. बाईच्या हातावर त्यांनी तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

गाडी आणायला मी तिसऱ्या दिवशी सकाळी मूर्तिजापूरला गेले. तिथल्या एका टायरवाल्यानं ती ओढून आणून दुकानापुढे उभी केली होती, अकोल्याहून टायर मागवून ठेवले होते. काम सुरू करण्याआधी मी त्याला म्हटलं, उजव्या बाजूचे दोन टायर चांगले आहेत, त्यांची हवा मोजा. त्यानं मोजली. पंचवीस. दुसऱ्यातही पंचवीस. "ताई, एवढ्या हवेवर हे टायर कशाले पळवले?" तो म्हणाला. तो आकडा मी घरी येऊन बाबांनाही सांगितला नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, पण बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि मी विचार केला, कशाला जखमेवर मीठ? स्वतःला वाचवायची वेळ आली की माणसाला किती चांगली कारणं सुचतात.

मी ती चाकं काढून टाकणार होते. बाबांनीच काढू दिली नाहीत. "चाकाइचा काय दोष? आवडतात ना तुले? राहू दे." मग एका सकाळी रंगाचा जुना डबा शोधून त्यांनी गाडीसमोरच्या भिंतीवर ब्रशनं लिहून ठेवलं, 'सकाळी. थंड. ३३.' डेपोतल्या पाटीसारखं, ठसठशीत. दोनदा घराला रंग दिला, दोन्ही वेळा मी रंगाऱ्याला म्हटलं, तेवढी जागा सोडून लाव.

दरवर्षी तो धडा येतो. तापमान, दाब, आकारमान. दरवर्षी मी फळ्यावर समीकरण लिहिते आणि उदाहरणाला कुकर घेते. एकदा एका पोरीनं विचारलं, "मॅडम, टायरचं पन होते ना असंच?" मी म्हटलं, होतं. आणि पुढचं गणित घातलं.

बाबांचे कान त्यानंतर भरभर गेले. कानातलं यंत्र आणलं, ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात गेलं. आता मी पाटीवर लिहिते, ते वाचून बोलतात. पाटीवर काय काय लिहिलं मी या वर्षांत. गोळी घेतली का? भाजी कोणती करू? शेजारच्या काकांकडे सून आली. पाटी हातात धरून त्या दिवसाबद्दल लिहायलाही बसले आहे मी. 'बाबा, त्या दिवशी' इथपर्यंत लिहून ओल्या बोटानं पुसलं आहे. मी हवा भरायला एक विजेचं यंत्र घेतलं, बटण दाबलं की आपोआप भरणारं. पायरीखालच्या पायपंपाला मी हात लावला नाही. हिवाळ्यात मात्र टायर आधी बाबा ठोकतात, हात ठेवतात आणि सांगतात. एक कमी. दोन कमी. मी मागून मोजते, आणि ते दर वेळी बरोबर निघतात. तेवढाच माझ्या जिवाला आधार होता.

यंदाच्या त्या पहिल्या थंड सकाळी मी त्यांना हातोडी दिली. त्यांनी चारही टायर ठोकले, तळवा ठेवला आणि उभे राहिले. "बरोबर हाये."

मी वाकून काटा पाहिला. एकोणतीस. दुसरं चाक पाहिलं, तेही एकोणतीस.

मी वाकलेलीच राहिले. वर बघावं आणि बोटांनी खोटंच तेहतीस दाखवावं, एवढंच करायचं होतं. माझी बोटं वर होईनात.

"किती?" बाबा म्हणाले. मग स्वतःच चष्मा कपाळावरून खाली घेतला, माझ्या हातातलं यंत्र घेतलं आणि वाचलं. "एकोनतीस."

ते पायरीवर बसले. हातोडी दोन्ही पायांच्या मध्ये उभी धरली.

"हातबी गेला म्हनायचा आता. कान तं कवाच गेले." जरा थांबून म्हणाले, "बाई गेली त्या दिवशीबी गेलेलेच होते."

मी सरळ उभी राहिले.

"त्या दिवशी हातोडी मारली तं मले काईच ऐकू आलं नव्हतं. ठन नाई, भद नाई. फक्त हाताले समजलं, हवा नाई म्हनून. पक्कं समजलं होतं. पन तू म्हनली, ऐकू येत नाई. मंग मले वाटलं, खरंच तं हाये. कानच नाई राहिले तं हाताचा काय भरोसा? पोरगी शिकेल हाये, मशीन खरं सांगत असन. गप येऊन बसलो. मी अडून बसलो असतो, नाई येत जा म्हनलो असतो, तं भरली असती तू हवा. रागारागानं भरली असती, पन भरली असती. मीच नाई बसलो अडून. अन् बाई तिकडे वाट पाहत राहिली."

पाच वर्षं मी समजत होते की हे मी एकटीच वागवते आहे. तो म्हातारा माणूस रोज सकाळी त्याच भिंतीसमोर उभा राहून स्वतःलाच दोष देत होता, आणि तो दोष पुसून टाकणारा आकडा माझ्याकडे होता. माझी मलाच अशी शरम वाटली की काय सांगू.

मी धावत आत गेले, पाटी आणली. घाईत पेन्सिल मोडली. उरलेल्या तुकड्यानं लिहिलं, 'त्या दिवशी हवा पंचवीस होती. तुमचा हात बरोबर होता. माझं चुकलं, बाबा.'

त्यांनी पाटी दूर धरून वाचली, मग जवळ धरून वाचली.

"पंचवीस?"

मी मान हलवली.

"कवा मोजली?"

तिसऱ्या दिवशी म्हणून मी तीन बोटं वर केली आणि मूर्तिजापूरच्या दिशेला हात केला. त्यांना समजलं.

"अन् आता सांगून राहिली?"

मी रडायला लागले. ते माझ्याकडे बघत बसले. जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हातही फिरवला नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. पाटी तशीच मांडीवर ठेवून ते आपल्या उजव्या तळव्याकडे बघत होते, उलटा करून, सुलटा करून. "पंचवीस," एकदा पुन्हा म्हणाले, स्वतःशीच. मग नाक ओढून मला म्हणाले, "पायपंप आन."

पायरीखालून पंप काढला. वर जाळी धरली होती, नळीला भेगा गेल्या होत्या, पण हवा धरत होता. मी पायानं दाबत होते, बाबा चष्मा लावून काट्यावर डोळे ठेवून बसले होते. तीस. एकतीस. बत्तीस. तेहतीस झाले की ते हात वर करायचे, मी थांबायची, आणि आम्ही पुढच्या चाकाकडे सरकायचो. थंडीतही मला घाम फुटला. चौथ्या चाकाचं टोपण त्यांनी स्वतः फिरवून घट्ट केलं. मी उभी राहिले आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सुरू करताना पाहिलं होतं, तेव्हा सहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. आता पावणेसात वाजले होते.

बाबांनी माझं मनगट धरून घड्याळ आपल्याकडे वळवलं.

"दहाच लागतात," ते म्हणाले.